आपत्ती नाही हो, हरकत!

संपादक महोदय,

कालच्या अंकात ठाण्याच्या पानावर 'आराखड्यावर आपत्ती नोंदवण्याची मुदत संपली' असा मथळा वाचला. अहो, आपत्ती नोंदवत नाहीत, आपत्ती येते. नोंदवतात ती हरकत. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकतही होते, मान्य, पण मराठी माणसाला आपत्ती म्हटलं की पूर, भूकंप, दरड हेच आठवणार ना.

मला हे का लागलं ते सांगतो. नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या गेटला लागून मोठा पर्जन्यवृक्ष होता. मे महिन्यात त्याच्या बुंध्यावर एक कागद चिकटवलेला दिसला, वर कलमं-बिलमं बारीक टायपात आणि खाली ठळक, 'आपत्ती असल्यास ७ दिवसांत लेखी कळवावे'. तळमजल्यावरच्या काकूंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, पावसाळा आलाय ना, झाड पडलं तर कळवा म्हणतायत. आम्हा सगळ्यांना ते पटलं, मी पण तसाच ऑफिसला गेलो. दहाव्या दिवशी सकाळी करवतीचा आवाज, खाली पळालो तर अर्ध्या फांद्या रस्त्यावर आणि मुकादम म्हणतो, नोटीस लावली होती साहेब, कोणीच काही कळवलं नाही. १९७५ च्या झाडांच्या कायद्याने आम्हाला हरकत घ्यायचा हक्क दिलाय, तो एका शब्दापायी गेला. काकू अजून म्हणतात माझंच वाचायला चुकलं. त्यांनी बरोबरच वाचलं होतं, लिहिणारा चुकला!

हिंदीत हरकत म्हणजे हालचाल, नाहीतर चाळे, म्हणून हिंदीवरून मजकूर उतरवणाऱ्याला तो शब्द नको वाटत असेल. पण आपल्याकडे 'काही हरकत नाही' शाळेतलं पोरगंही म्हणतं. तुमच्याच पेपरात 'कायद्यात संशोधन' पण येतं. मराठीत संशोधन प्रयोगशाळेत होतं, कायद्यात दुरुस्ती होते, घटनादुरुस्ती हा शब्द काय उगाच आहे का? फोन लावला की 'व्यस्त आहे' ऐकायला येतं, आणि शाळेत आम्ही व्यस्त प्रमाण शिकलो ते एक वाढलं की दुसरं कमी होतं ते. फोनवाल्यांना कोण सांगणार, पण तुम्ही तर मराठी पेपर आहात.

कालच्या मथळ्याची दुरुस्ती छापा, त्याच पानावर, कोपऱ्यात नको. आणि जाहीर नोटिसांचा टाइप मोठा करा, काकूंना त्या वाचायला भिंग घ्यावं लागतं.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे