समुपदेशन हवे, पण कधी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुटुंबात काही टोकाचे घडले की बातमीच्या शेवटी ‘समुपदेशनाची गरज’ हमखास येते. ते कोणी आणि कधी करायचे, हे मात्र कुठेच नसते.

बॉस्टनमधल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ नाइटक्लबच्या आगीत १९४२ मध्ये ४९२ माणसे गेली. मृतांच्या नातलगांशी बोलून मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी १९४४ मध्ये शोकाचा अभ्यास मांडला. संकटाची तीव्र अवस्था साधारण चार ते सहा आठवडे टिकते, असे पुढे दुसरे मनोविकारतज्ज्ञ गेराल्ड कॅपलन यांनी म्हटले. या काळात माणसे मदत घ्यायला तयार असतात. नंतर घर सावरते, पण कसेबसे: कोणी दारूला लागतो, कोणी अबोला धरतो, थोरल्या मुलीची शाळा सुटते. अर्ज, शिक्के, मंजुऱ्या पार करून पहिली गृहभेट होते ती बहुधा यानंतर.

अमेरिकेत टॅकोमा येथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘होमबिल्डर्स’ या कार्यक्रमाने वेगळी पद्धत आणली. संकटातल्या घरातली मुले घराबाहेर ठेवायची वेळ येऊ नये, हा त्याचा हेतू. एका कार्यकर्त्याकडे एका वेळी दोनच कुटुंबे, २४ तासांच्या आत पहिली भेट, पुढे सुमारे महिनाभर रात्री-अपरात्रीही उपलब्धता. घरात खायला नसेल, भाडे थकले असेल, तर त्याचीही सोय बघायची. मला यातले हेच सर्वांत पटते. उपाशी माणसाला राग आवरायचे धडे काय देणार? आणि घरातली गरिबी पाहून फाइलवर ‘मुलांकडे दुर्लक्ष’ असा शेरा मारणारे महाभागही कमी नाहीत!

अर्थात हा रामबाण उपाय नव्हे. इलिनॉय राज्यात अशाच कार्यक्रमाचे मोठे मूल्यमापन झाले, तेव्हा मुलांना घराबाहेर ठेवण्याचे प्रमाण घटलेले आढळले नाही. निवडलेल्या घरांपैकी बहुतेकांतली मुले तशीही घरीच राहणार होती. शिवाय मूल किंवा बाई जिथे मार खाते आहे, तिथे ‘घर टिकले पाहिजे’ म्हणत तडजोड घडवणे मला धोक्याचे वाटते. आधी त्यांना सुरक्षित जागी हलवावे, बाकीची बोलणी नंतर.

एका कार्यकर्तीच्या गळ्यात शेकडो घरे मारली, तर ती अहवालच लिहीत बसणार. म्हणून विनंती, की अशी बातमी देताना आपल्या वार्ताहराने दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: घटनेनंतर किती दिवसांनी पहिली भेट झाली, आणि भेटायला गेलेल्या व्यक्तीकडे आणखी किती कुटुंबे होती?

आपली,
एक निवृत्त समाजकार्यकर्ती