पाचट पेटवू नकोस

कराड,
१२ जानेवारी

प्रिय सदा,

तुझं पत्र मिळालं. उसाची तोड संपली की रानात पडलेला वाळका पाला, सगळं पाचट, पेटवून त्याच बुडख्यांवर फुटणारा खोडवा धरणार म्हणतोस. पेटवू नकोस, हे सांगायलाच लगेच लिहायला बसलोय.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. शेणखत तू ट्रॉलीनं विकत आणतोस आणि रानात आयतं पडलेलं हे एका काडीत घालवतोस. पालाश (पोटॅश) राखेत बराचसा उरतो, पण कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) धुरावाटे जातात. जमिनीतल्या जिवाणूंचं, बुरशीचं पोट त्या कर्बावरच चालतं रे.

मागं एकदा पाचट ठेवलं तर खोडवा पिवळा पडला, असं लिहिलंयस. पडला असणार. पाचटात कर्ब भरमसाट, नत्र जेमतेम अर्धा टक्का. ते कुजवताना जिवाणूंची संख्या वाढते, आणि वाढायला नत्र लागतंच. पाचटातलं पुरत नाही, मग ते जमिनीतलं उचलतात. उसाच्या वाट्याचं नत्र काही काळ त्यांच्या अंगात अडकतं. ते मेले की पुन्हा मोकळं होतं, पण तोवर फुटव्याचे दिवस निघून जातात. म्हणून पाचट सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे. जिवाणू शेणखतात मिसळून टाक. बुडखे मात्र जमिनीलगत छाटून उघडे ठेव, नाहीतर कोंब दबतात.

पाणीही बेतानं दे. तुझ्या काळ्या रानात सरी तुडुंब राहिली की मातीतली हवा संपते. मग काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि पैसे मोजून टाकलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. याचं मला फार वाईट वाटतं.

आणि खोडवा मोडल्यावर ट्रॅक्टरला रोटर लावून पाळ्यांवर पाळ्या कशाला? मुळांशी जोडलेल्या बुरशीचे धागे मातीचे कण बांधून ठेवतात, लांबचं स्फुरद (फॉस्फरस) मुळापर्यंत आणून देतात. ते तुटत राहिले की मातीचं पीठ होतं आणि पहिल्याच पावसात वर पापडी धरते.

शेजारच्या फडातून ठिणगी येईल ही तुझी भीती मला पटते. बांधाकडेचं पाचट आत ओढून घे आणि तोडीनंतर लगेच पाणी सोड.

ऊसतोडीची टोळी हलायच्या आधी फोन कर. जिवाणूंची पाकिटं मी इकडून घेऊन येतो, तू दोन गडी सांगून ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास