पंधरा रुपये उधार

पांढऱ्या टोपीवाल्या काकांना,
सा. न. वि. वि.

नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून असं जाहीर लिहितोय. ज्वारी निघालेल्या रानात, शेपटीला चिकटपट्ट्या मारलेलं, रिमोटवर उडवायचं पिवळं विमान घेऊन उभा होता ना, तोच मी. ते आता उडतं. रिमोटची स्टिक सोडली तरी नाकासमोर जातं. काल आठ मिनिटं उडवलं आणि उतरवल्यावर माझे हात थरथरत नव्हते, याचंच मला जास्त नवल वाटलं.

तुमच्याआधी तिघांना दाखवून झालं होतं. ज्या दुकानातून घेतलं ते म्हणाले, "मोडलेलं बाल्सा, म्हणजे हे हलकं लाकूड, पुन्हा धड उडत नाही, नवीन किट घ्या." दुसऱ्यानं सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, बदलायला लावले, अठराशे गेले. तिसरे म्हणजे रानातलेच जुने उस्ताद. ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट, माझ्या हातातून ओढूनच घेतला. त्यांच्याही हातात विमानानं नाक वर काढून गटांगळी खाल्ली, तेव्हा म्हणाले, "भंगार आहे तुमचं." पाडलं ते पाडलं, वर शेरा!

तुम्ही उडवायला मागितलंच नाहीत. तोल बघायला पंखाच्या पुढच्या कडेपासून सात सेंटिमीटरवर खालून दोन बोटं लावून उचललंत. शेपूट झपकन खाली. "इपॉक्सी किती ओतलंय?" एवढंच विचारलंत. मजबुती म्हणून मी तो गोंद शेपटीला चोपडला होता खरा. शेपूट लांब, नाक आखूड; शेपटीत दहा ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात जवळजवळ तिप्पट लागतात, हे तिघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. बॅटरी पुढे सरकवायला जागा नाही म्हटल्यावर तुम्ही कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी काढलीत आणि पाच रुपयांची ती जुनी जाड नाणी, तीन, नाकात चिकटवलीत. एक नऊ ग्रॅमचं. सत्तावीस ग्रॅम, संपला विषय.

पण हे पत्र नाण्यांसाठी नाही.

मी थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरचा वेग वाढवला, तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभे होतात, दोन्ही हात पाठीशी बांधून. विमान डावीकडे कललं आणि मी घाबरून ट्रान्समीटर तुमच्यापुढे धरला. तुम्ही हात सोडले नाहीत. "असू द्या. उजवीकडे दोन क्लिक ट्रिम द्या." ट्रिम म्हणजे रिमोटवरची बारीक दुरुस्ती. दिले. विमान सरळ झालं.

आपल्याकडे मदत म्हणजे बहुधा ‘सरका, मी दाखवतो’. ऑफिसात तेच, गॅरेजात तेच. मुलीला सायकल शिकवताना मीही तेच केलं, कबूल आहे. हात बांधून उभा राहणारा माणूस मला चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा भेटला.

नाणी अजून नाकातच आहेत. काढून पाहिली, शेपूट लगेच बसतं. तेव्हा ती परत मिळायची नाहीत, पंधरा रुपये रोख देईन. रविवारी सातच्या आत या, तेव्हा वारा पडलेला असतो.

आपला,
पिवळ्या विमानवाला