जनुकांच्या आकड्यांची भीड चेपवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

रत्नागिरीत येऊन आपण आम्हा जीवशास्त्राच्या शिक्षक-विद्यार्थ्यांना ‘आर’ या संगणकीय भाषेतून जनुकीय माहितीचे विश्लेषण शिकवलेत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. दापोली-मालवणहून आलेल्या बहुतेकांनी प्रोग्रॅमची एकही ओळ कधी लिहिली नव्हती, आणि भर पावसात इथे नेटचा भरवसा नसतो हे ओळखून आपण सारी पॅकेजेस (तयार आज्ञांचे संच) पेन ड्राइव्हवर घेऊन आला होतात. ‘आर’ आणि जनुकीय माहितीसाठी ‘आर’ची पॅकेजेस पुरवणारा, २००१ साली सुरू झालेला ‘बायोकंडक्टर’ प्रकल्प, दोन्ही मोफत आहेत हे कळल्यावर आमच्यासारख्या लहान महाविद्यालयांना मोठाच धीर आला.

सर्वांत मोलाचा वाटला तो बनावट आकड्यांचा तास. खरी माहिती हाती देण्याआधी आपण आमच्याकडून संगणकावर २०,००० कल्पित जनुकांचे यादृच्छिक आकडे तयार करून घेतलेत. दोन गट, प्रत्येकी दहा नमुने, आणि गटांत मुळात काडीचाही फरक नाही. तरीही दोन गटांच्या सरासरींतील फरक तपासणाऱ्या टी-चाचणीनंतर हजाराच्या आसपास जनुकांचे पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आले. वीस हजारांचे पाच टक्के म्हणजे एक हजार, हा हिशेब आपण फळ्यावर मांडलात आणि एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याने येणारे खोटे निकाल आवरणारी, बेंजामिनी व हॉकबर्ग या संख्याशास्त्रज्ञांची १९९५ ची दुरुस्ती लावायला सांगितलीत, तेव्हा ती भरगच्च यादी जवळजवळ रिकामी झाली. तयार कोड वाटणाऱ्या कार्यशाळेत ही समज येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे श्वासनलिकेच्या स्नायूपेशींवरील डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाच्या परिणामाची माहिती ‘डीईसेक२’ या गटांमधील जनुकांचा फरक शोधणाऱ्या पॅकेजमध्ये घालण्यापूर्वी, जनुकांच्या मोजणीच्या तक्त्यातील स्तंभ आणि नमुन्यांच्या तक्त्यातील ओळी एकाच क्रमाने आहेत ना, हे आपण प्रत्येकाला एकेक नाव मोठ्याने वाचून ताडायला लावलेत. नमुन्यांमधील साम्य-फरक दाखवणाऱ्या आलेखात नमुने औषधाप्रमाणे वेगळे झाले, तसेच पेशी कोणत्या व्यक्तीच्या यावरूनही झाले. म्हणून पेशींचा स्रोतही विश्लेषणाच्या सूत्रात लिहावा लागतो, हे आम्हाला डोळ्यांनी दिसले.

आता माझ्या विद्यार्थिनी कोळंबीच्या जनुकांची सर्वांसाठी खुली असलेली माहिती उतरवून घेतात आणि आज्ञा देण्याआधी तिचा तक्ता उघडून पाहतात. त्यांच्या वतीनेही आपले मनःपूर्वक आभार मानते.

कळावे,

आपली कृतज्ञ,
प्राणिशास्त्राची एक अध्यापिका, रत्नागिरी