आत्याची ठेव वाचवणाऱ्या बँक अधिकारी मॅडमना

सन्माननीय मॅडम,
स. न. वि. वि.

माझी आत्या मुदत ठेव मोडायला आपल्या शाखेत आली, तेव्हा अर्ज मुकाट्याने पुढे न सरकवता आपण तिला बसवून घेतलेत आणि पैसे कशासाठी हवेत हे आपुलकीने विचारलेत, याबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय आपले ऋणी आहोत. तिच्या दिवंगत यजमानांची जुनी ठेव रिझर्व्ह बँकेत पडून आहे, ‘प्रक्रिया शुल्क’ भरले की ती लगेच मिळेल, मात्र कोणाशी बोलू नका, असे फोनवरच्या माणसाने तिला बजावले होते.

या थापेतला अर्धा भाग खरा असतो, म्हणूनच ती पटते. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील पैसे बँका खरोखरच रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग करतात. परंतु त्यानंतरही वारसाचा हक्क बुडत नाही, दावा मूळ बँकेकडेच करायचा असतो आणि त्यासाठी रिझर्व्ह बँक कोणाला फोन करून शुल्क मागत नाही, हे आपण तिला समजेल अशा शब्दांत सांगितलेत. २०२३ साली सुरू झालेल्या ‘उद्गम’ या, दावा न केलेल्या ठेवी शोधण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर तिच्याच मोबाइलवरून शोध घ्यायला शिकवलेत. नोंदणीचा ओटीपी आपण स्वतः तिथे भरायचा, फोनवर कोणालाही सांगायचा नाही, हा फरक तर तिच्या मनावर पक्का ठसवलात.

आधार आणि पॅनचे फोटो तिने आधीच पाठवले होते. हे कळताच आपण तिच्याकडून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून घेतलीत, आधारचे बायोमेट्रिक लॉक करून दिलेत आणि खात्यातील प्रत्येक व्यवहाराचा संदेश तिला येतो आहे ना, याची खात्री केलीत. हे सारे करताना तिच्या वयाचा किंवा शिक्षणाचा एकदाही उल्लेख केला नाहीत. यजमान गेल्यापासून घरचा सगळा हिशेब एकटीने सांभाळणाऱ्या आत्याला ते फार मोलाचे वाटले, आणि मला तर आपल्या मदतीतला तोच भाग सर्वांत मोठा वाटतो.

‘उद्गम’वर यजमानांचे दुसऱ्या बँकेतील एक बचत खाते खरोखरच सापडले. मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रे जोडून आत्याने तिथे रीतसर दावा दाखल केला आहे.

आपण दिलेला वेळ कोणत्याही उद्दिष्टाच्या तक्त्यात धरला जात नसणार. म्हणून आपल्या शाखाप्रमुखांनाही आम्ही स्वतंत्र पत्र लिहून या कामाची नोंद घेण्याची विनंती केली आहे.

आपला कृतज्ञ,
एका ठेवीदाराचा भाचा