नाना, आधी तारा, मग पडदा

भुसावळ,
१४ नोव्हेंबर

प्रिय नाना,

जुन्या बोटीवर बसवायच्या सामानाची तुझी यादी मिळाली. बारा इंची चार्ट प्लॉटर (नकाशावर आपली जागा दाखवणारा पडदा), रडार, व्हीएचएफ (बोटीचा वायरलेस), चार स्पीकर आणि बोटीच्या बुडाला निळे दिवे. अरे भो, बोट अठरा फुटांची, आणि चालवायची हतनूर धरणाच्या पाण्यात! रागावू नकोस, पण यादीतलं निम्मं मी खोडलंय आणि तुला न सुचलेलं बरंच त्यात घातलंय.

तू पुण्याला गेल्यावर मी तुझ्या शेतावर जाऊन बोट उघडून पाहिली. सालदाराने केळीचे क्रेट बाजूला करून दिले. स्टेअरिंगखालची फळी काढली तर आत तारांचं नुसतं जंजाळ. एका तारेचं टोक सोललं, तांबं काळं. वीतभर मागे कापून पुन्हा सोललं, तिथेही काळंच, आणि बोटाने चोळलं की हिरवट भुकटी. बोट मुंबईकडच्या खाऱ्या हवेत राहिलेली. साध्या तांब्याच्या बारीक तारांमधून ओल आत आत चढत जाते, वरून वेष्टण अगदी नवं दिसतं. म्हणून बोटीला कल्हई केलेल्या तांब्याची, म्हणजे टिन्ड तार लागते. जुनी एकही तार ठेवायची नाही, हे माझं ठरलंय.

जोड बघून तर मी कपाळाला हात लावला. सगळीकडे पिळा मारून टेप गुंडाळलेली, आणि टेपचा चिकटा उन्हाने पाघळून तारांवर ओघळलेला. विहिरीच्या मोटारीला हे चालून जातं, ती जागची हलत नाही. बोट लाटेवर आपटते, इंजिन सारखं थरथरतं. आमच्या लोको शेडमध्ये हेच दुखणं असायचं, म्हणून तिथे तारेच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवल्याशिवाय कोणी तार जोडत नसे. इथेही तेच करू. नुसता डाख (सोल्डर) देऊन भागत नाही; डाखाने तार ताठ होते आणि ताठपणा संपतो नेमकी तिथे थरथरीने तुटते. थिंबल चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबायचं आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवायची.

फ्यूजचं नीट समजून घे. फ्यूज यंत्राला नाही, तारेला वाचवतो. तार मध्येच कुठे घासून शॉर्ट झाली की पेट तारच घेते, आणि तुझ्या बोटीत शेजारी पेट्रोलची टाकी आहे. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. अमेरिकेत बोटींचे विजेचे नियम ठरवणारी एबीवायसी संस्था सर्वसाधारणपणे सात इंचांच्या आत म्हणते. तुझ्याकडे तो पार डॅशबोर्डखाली आहे, म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी तार उघडी जोखीम.

तारेची जाडीही मागच्या मालकाने अंदाजपंचे घेतलेली. बॅटरी मागे, पडदा पुढे. जाऊन-येऊन दहा मीटर तार. दीड स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) तारेतून पाच अँपिअर नेले तर वाटेत साधारण ०.६ व्होल्ट जातात, बारा व्होल्टांतले ५ टक्के. चार स्क्वेअर घेतली तर २ टक्क्यांच्या आत येतं. दिवे आणि उपकरणं यांना ३ टक्क्यांपेक्षा जास्त घट नको असा दंडक आहे. त्यात इंजिनचा स्टार्टर मारला की बॅटरी क्षणभर खाली बसते आणि प्लॉटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. मग लोक कंपनीला शिव्या घालतात. यावर उपाय म्हणजे दोन बॅटऱ्या, एक फक्त स्टार्टरला आणि दुसरी बाकी सगळ्याला, मध्ये चार्जिंगपुरतं जोडणारा रिले.

बिल्ज पंपाची, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची, तार मात्र मेन स्वीचच्या आधी, आपल्या वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर. आत्ता ती स्वीचच्या नंतर आहे. स्वीच बंद करून तू घरी गेलास आणि रात्री तळात पाणी शिरलं, तर पंप गप्प. पाणी चढलं की पंप चालू करणारा त्याचा फ्लोटही गाळाने चिकटलाय. मी बोटाने उचलला तर परत खाली पडेना.

आता पडद्याकडे येतो. तुला वाटतंय, प्लॉटर लावला की धरणाचा नकाशा समोर येईल. नाही येणार. डेहराडूनचं नौदलाचं हायड्रोग्राफिक कार्यालय नकाशे काढतं ते समुद्राचे. हतनूरच्या जागी तुला नुसता निळा डाग दिसेल. आपल्याला तिथे जाणून घ्यायचंय ते एकच, खाली पाणी किती. तापी आणि पूर्णा दोन्ही गाळ आणून टाकतात, चांगदेवच्या संगमाकडे तर विचारूच नकोस; गेल्या वर्षी जिथून गेलो तिथे यंदा इंजिनचा पंखा चिखलात रुतू शकतो. म्हणून सात इंची, सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) असलेला प्लॉटर पुरे.

त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारा भाग, कुठे बसतो त्यावर सगळं. उथळ पाण्याला २०० किलोहर्ट्झचा आवाज चांगला. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तीन मीटर खोलीवरून प्रतिध्वनी ४ मिलिसेकंदांत परत येतो. पण मध्ये हवेचे बुडबुडे आले की संपलं, पडद्यावर नुसता कचरा. म्हणून बोटीच्या मागच्या फळीवर, पंख्यापासून हातभर लांब, आणि बुडाच्या उभ्या पट्ट्यांच्या मागे नाही अशा जागी तो बसवू. त्याची केबल लांब पडली तरी कापायची नाही. कठीण तळ पडद्यावर स्पष्ट उमटतो, गाळ फिकट दिसतो. हे तुला दोन फेऱ्यांत कळेल. प्रतिध्वनी ट्रान्सड्यूसरपासून मोजला जातो आणि पंखा त्याहूनही खाली असतो, तेव्हा तो फरक सेटिंगमध्ये घालायचा.

आणि एक कर. प्लॉटर आपला मार्ग आणि खोली साठवून ठेवतो, तूच आपला नकाशा बनव. फक्त धरणाची त्या दिवशीची पातळी वहीत टिपून ठेव. ऑक्टोबरातली चार मीटर खोली मे महिन्यात कोरडी जमीन असू शकते; पातळीतला फरक वजा केल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

व्हीएचएफ राहू दे. समुद्रावर चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनलवर, कोणी ना कोणी ऐकत असतं, इथे ऐकणार कोण? वर परवान्याची भानगड. त्यापेक्षा मोबाइलला जलरोधक पिशवी आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट. रडारबद्दल मी काही बोलतच नाही. संध्याकाळी कोळी दिव्याशिवाय जाळी टाकून बसलेले असतात, तिथे चांगला हातातला सर्चलाइट रडारपेक्षा कामाचा. आणि पाटबंधारे खात्याची परवानगी, बोटीची नोंदणी हे तू आधी मार्गी लाव, माझ्या भरवशावर राहू नकोस.

इंजिनची माहिती पडद्यावर हवी असेल तर एनएमईए २००० ची, म्हणजे बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याची, तार टाकू. मधला कणा एक, त्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक), फाट्याची तार सहा मीटरच्या आत. वीज बंद करून मल्टिमीटर लावला की ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर गायब. असं स्वच्छ निदान असलेली गोष्ट मला फार आवडते, बघ.

बोटीपेक्षा मला आपल्या उन्हाची भीती जास्त वाटते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि तुझी बोट पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात प्लॉटर काढून घरात ठेवायचा. बॅटरी दहा अंशांनी जास्त तापली की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून चार्जर तापमान बघून व्होल्टेज कमी करणारा घ्यायचा. स्वस्त चार्जर उन्हाळ्यात बॅटरी उकळवतो. उभ्या बोटीची बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायची नाही. पावसाळ्यात धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागले की बोट बाहेरच. तेव्हा सगळे कनेक्टर उघडून पुसायचे आणि शेडमध्ये उंदरांचा बंदोबस्त करायचा. केळीच्या शेडमधले उंदीर तारेचं वेष्टण काय सोडणार!

अरे हो, इंजिनखालचे जस्ताचे गट्टू, जे स्वतः झिजून इंजिनचा धातू वाचवतात, ते बदलायला हवेत. ते खाऱ्या पाण्याचे. गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर चढून ते निकामी होतात. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचे लागतात.

टिन्ड तार मी इथे विचारून पाहिली, मिळाली नाही. चार स्क्वेअरची तांबडी आणि काळी, थिंबलं, हीट श्रिंक नळी आणि वॉटरप्रूफ फ्यूज होल्डर तिकडूनच घेऊन ये. डिसेंबरात आलास तर शेतावर भरीत करू, तारा तेव्हाच ओढू. आणि स्पीकरचं म्हणशील, तर तू ते होकायंत्राच्या बगलेत लावणार होतास. लोहचुंबकाने त्याची दिशा पार बिघडते. ते पैसे वहिनींकडे परत दे. मी त्यांना फोनवर सांगून ठेवलंय.

तुझा,
अण्णा