पेशंटसोबतच्या माणसाला तीन तासांची सुट्टी हवी आहे, नावं द्या

सप्रेम नमस्कार.

खारघरमध्ये भाड्याची खोली शोधत फिरणारी बाहेरगावची माणसं आपल्याला नवीन नाहीत. हातात एक्स-रेची मोठी पिशवी, बरोबर मास्क लावलेलं कुणीतरी. सेक्टर २२ मधल्या ॲक्ट्रेकला, म्हणजे आपण ज्याला खारघरचं टाटा म्हणतो त्या कॅन्सर रुग्णालयात, ती आलेली असतात. रेडिएशन बहुधा आठवड्याचे पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतं. केमोची सायकल संपते न संपते तोच पुढची तारीख येते. त्यामुळे जळगाव-बीडकडची कुटुंबं महिनोन्‌महिने इथेच अडकून पडतात. आपल्या वसाहतीतही उपचार चालू असलेली घरं आहेत, नावं घेत नाही.

पेशंटसाठी मदत मागणारी आवाहनं आपण नेहमी वाचतो. हे आवाहन त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसासाठी आहे.

डबे पोचवताना एक ताई भेटल्या. नवऱ्याच्या केमोच्या तारखा, कुठल्या दिवशी रक्ताचे काउंट किती आले, उलटी कधी झाली, सगळं एका वहीत नीट लिहिलेलं. त्यांच्या स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट मात्र त्याच पिशवीच्या तळाशी, रिकामं. आमच्या कार्यकर्तीनं विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" पुढच्याच आठवड्यात ओपीडीच्या रांगेत त्यांना चक्कर आली आणि पाणी आणायला उठला तो पेशंट.

अशा घरी जाऊन आपण सगळे एकच वाक्य बोलतो : "काही लागलं तर सांगा." कोणी सांगत नाही. मागायचं काय, कोणाकडे, हे ठरवण्याइतकं त्राणच उरलेलं नसतं, शिवाय भीड असते. त्यापेक्षा "मंगळवारी दुपारी २ ते ५ मी पेशंटजवळ बसतो, तुम्ही झोपा" असं म्हटलं की माणूस हो म्हणतो. म्हणून आम्हाला पहिल्यांदा तुमचा वेळ हवा आहे. आठवड्यातून एकदा तीन तास, ठरलेल्या दिवशी. त्या वेळात त्या माणसानं झोपावं, डोकं धुवावं, स्वतःचा बीपी दाखवून यावं, नाहीतर सेंट्रल पार्कात नुसतं बसून राहावं. काय केलं ते विचारायचं नाही.

बसणाऱ्यांना आम्ही थोडं शिकवू. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. घरच्यांना फोन आणि थेट कॅज्युअल्टी. स्वतःला सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जायचंच नाही. आणि हात जोडून विनंती, काढे, चूर्ण आणि "आमच्या मेहुण्यांना अमक्यानं गुण आला" हे घराबाहेर चपलांपाशी ठेवून आत जा.

दुसरी गरज डब्याची. साधी पोळी-भाजी, वरण-भात, त्याच दिवशीचं, गरम. पेशंटच्या डब्यात कच्ची कोशिंबीर आणि कापून ठेवलेली फळं नकोत. अख्खं केळं किंवा मोसंबी चालते. मात्र डबा दोघांचा हवा. सोबतचा माणूस पेशंटच्या उरलेल्या घासावर दिवस काढतो, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

तिसरी गरज प्लेटलेट्सची. त्या फार तर पाच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, आणि मग आधीच दमलेला नातेवाईक डोनर शोधत फोन फिरवत बसतो. आम्हाला तयार यादी करायची आहे. वजन ५० किलोच्या वर, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. बाकीची तपासणी रक्तपेढी करते. सुई लावल्यापासून तास-दीड तास खुर्चीत बसावं लागतं, एवढंच.

पैसेही हवेतच. ते डब्याचं सामान, रिक्षाभाडं आणि सोबतच्या माणसाच्या स्वतःच्या औषधांवर खर्च होतील. पेशंटच्या बिलांना आम्ही हात घालत नाही. ते आपल्या आवाक्याबाहेरचं आहे आणि त्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना व रुग्णालयातला समाजसेवा विभाग आहे, तिथवर आम्ही माणूस सोबत देतो. पावतीपुस्तक वर्गणीपेक्षा वेगळं आहे. दर महिन्याचा हिशेब फलकावर लागेल. आमच्या पावतीवर आयकराची सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी आत्ता आजारपण आहे, त्यांनीही नाव द्यावं, मदत घेणाऱ्यांच्या यादीत. कोणाला कळणार नाही. रात्री मन फारच सैरभैर झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.

नावनोंदणी मंडळाच्या कार्यालयात, रोज संध्याकाळी ६ ते ८. नाव देताना कोणता वार जमेल तो सांगा. दुपारची माणसं कमी आहेत, तेव्हा निवृत्त मंडळींनी जरा मनावर घ्यावं.

आपले,
कार्यकारिणी, रहिवासी मंडळ, खारघर